तक्रार लेखी द्या, पुस्तक फळीवर राहू द्या

पुस्तकावर बंदी म्हटलं की राजपत्रातला आदेश, पोलिसांनी उचललेले गठ्ठे, कोर्टाच्या तारखा असं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. मी ठाण्यात, नौपाड्यातल्या एका जुन्या, लहानशा सार्वजनिक वाचनालयात देवघेव विभाग सांभाळते. माझ्या देखत जी पुस्तकं फळीवरून नाहीशी झाली, त्यातल्या एकावरही सरकारी बंदी नव्हती. कोणीतरी काउंटरवर येऊन म्हणालं, "ताई, असलं पुस्तक तुम्ही ठेवता?" ते बोलणं कार्यकारिणीत कोणाच्या तरी कानावर गेलं, आणि "कशाला वाद, ठेवा आत" एवढ्यावर पुस्तक ऑफिसातल्या लोखंडी कपाटात गेलं. ना कागद, ना सही, ना तारीख.

मला याच्याविरुद्ध लिहायचं आहे. सरकारी बंदीला माझा विरोध आहेच, पण त्याहून जास्त या कपाटाला आहे.

हे कसं घडतं ते जरा सविस्तर सांगते, कारण काउंटरच्या पलीकडून ते दिसत नाही. वाचनालयात नवं पुस्तक आलं की दाखल नोंदवहीत त्याची नोंद होते. त्याला दाखल क्रमांक मिळतो, तो आतल्या पानावर लिहिला जातो, ठरलेल्या पानांवर शिक्का बसतो, पाठीवर वर्गांकाची चिठ्ठी लागते, मग संगणकात नोंद. बाहेर जायची वाटही अशीच ठरलेली आहे. फाटलेली, वाळवी लागलेली, पानं गळालेली पुस्तकं बाजूला काढतात, त्यांची यादी होते, कार्यकारिणीत निर्लेखनाचा, म्हणजे ती संग्रहातून रद्द करण्याचा, ठराव होतो, नोंदवहीत त्या क्रमांकासमोर लाल शाईने शेरा पडतो. तपासणीला निरीक्षक आले की ती यादी मागतात. म्हणजे वाळवीने खाल्लेल्या पुस्तकालासुद्धा आम्ही ठराव करून निरोप देतो.

कपाटात गेलेल्या पुस्तकाचं यातलं काहीच होत नाही. नोंदवहीत ते आहे. संगणकात नाव टाकलं तर 'उपलब्ध' असं येतं. सभासद फळीपाशी जातो, दोनदा शोधतो, आजूबाजूची पुस्तकं सरकवून बघतो आणि कोणीतरी भलत्याच जागी ठेवलं असेल असं समजून दुसरं घेऊन जातो. काही महिन्यांनी कोणी विचारेनासं होतं. मग पुढच्या खरेदीच्या वेळी त्याच लेखकाचं नवं पुस्तक यादीत आलं की ग्रंथ निवड समितीत कोणीतरी म्हणतं, यांना आपल्याकडे मागणी नाही. एका पुस्तकाने सुरू झालेली गोष्ट अशी लेखकापर्यंत जाते आणि कोणीही कुठेही सही केलेली नसते.

गेल्या दिवाळीनंतर असंच एक आत्मचरित्र गेलं. पुस्तकाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की चर्चा लगेच त्या पुस्तकाच्या बऱ्यावाईटावर जाते आणि मला तेच नको आहे. तक्रार करणारे काका आमचे जुने सभासद. बँकेतून निवृत्त झालेले, ऐतिहासिक कादंबऱ्या वाचणारे, पुस्तक कधी उशिरा न आणणारे. त्यांच्या फोनवर दोन पानांचे फोटो आले होते, काही ओळींखाली लाल रेघा मारलेल्या. मी विचारलं, "काका, पूर्ण वाचलंत का?" ते म्हणाले, "वाचायला कशाला हवं? हे बघा ना, काय लिहिलंय ते." आवाज चढला होता, हात थरथरत होता. त्यांचा राग खोटा नव्हता. त्यांच्या घरात ज्याची पूजा होते त्याबद्दल त्या दोन पानांत कडवट लिहिलेलं होतं. ते लागलं, हे मला समजतं. ज्या माणसाने ते लिहिलं त्याच्या आयुष्यात त्या कडवटपणाला काय कारण घडलं, ते मात्र मागच्या साठ-सत्तर पानांत आहे, आणि ती पानं फोनवर आली नव्हती.

मी त्यांना तक्रार लेखी द्यायला सांगितलं. ते थोडे बिचकले. तोंडी बोलणं सोपं असतं. कागदावर नाव घालून 'हे पुस्तक कोणालाही देऊ नये' असं लिहिताना हात अडखळतोच. तरीही त्यांनी लिहिलं, अर्धं पान, आणि खाली सही केली. याबद्दल मला त्यांचा आदर आहे. आमच्या कार्यवाहांनी मात्र सभा होईपर्यंत पुस्तक कपाटात ठेवायला सांगितलं. माझं म्हणणं होतं की सभा होईपर्यंत ते फळीवरच हवं. माझं चाललं नाही.

त्या मधल्या काळात कळव्याहून येणारी एक मुलगी ते पुस्तक मागायला आली. तृतीय वर्षाला आहे, मराठी विषय आहे, प्रकल्पासाठी दलित आणि भटक्या समाजातल्या आत्मकथनांवर लिहीत होती. मी तिला खरं ते सांगितलं, की तक्रार आली आहे म्हणून आत ठेवलंय. ती म्हणाली, "मग मी ते प्रकरण सोडून देते." विकत घे म्हणायला तोंड उघडलं नाही. पुस्तकाची किंमत तिच्या कित्येक महिन्यांच्या वर्गणीएवढी होती. हिरानंदानीत किंवा वसंत विहारला राहणाऱ्या, हवं ते पुस्तक ऑनलाइन मागवू शकणाऱ्या माणसाला आमच्या कपाटाने काही फरक पडत नाही. ज्याच्याकडे वाचनालयाशिवाय दुसरी वाट नाही, नेमकं त्याचंच पुस्तक आम्ही काढून घेतो.

पुढे सभा झाली. सभेआधी मी कार्यकारिणीतल्या प्रत्येकाला ते पुस्तक वाचायला दिलं, काहींनी खरोखर वाचलं, आणि ते फळीवर परत आलं. काकांची तक्रार फायलीत आहे. ते अजूनही नाराज आहेत, अजूनही दर आठवड्याला येतात, आणि हा विषय वार्षिक सभेत काढणार असं त्यांनी मला तोंडावर सांगितलं आहे. तो त्यांचा हक्क आहे.

आता सरकारी बंदीचं बघा. ती कशी घालायची हे कायद्यात लिहिलेलं आहे. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ९५ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ९८ आहे. पुस्तक जप्त करायचं तर राज्य सरकारला अधिसूचना काढावी लागते आणि तीत कारणं द्यावी लागतात. ती राजपत्रात आल्यापासून दोन महिन्यांच्या आत कोणीही संबंधित माणूस उच्च न्यायालयात जाऊ शकतो आणि तिथे तीन न्यायमूर्तींचं पीठ ते ऐकतं. ऑगस्ट २०२५ मध्ये जम्मू-काश्मीरच्या गृह विभागाने याच कलमाखाली एकदम पंचवीस पुस्तकं जप्त केली. मला ते चूक वाटतं, फार चूक वाटतं. पण निदान ती यादी कोणती, आदेश कोणी काढला, हे देशभरातल्या माणसाला वाचता आलं आणि त्यावर दाद मागता येते. नौपाड्यातल्या लोखंडी कपाटाविरुद्ध कोणत्या न्यायालयात जायचं?

आणि न्यायालयात गेल्यावर पुष्कळदा काय होतं, हे आपल्या महाराष्ट्राइतकं कोणी पाहिलं नसेल. १९६२ च्या 'रंभा' दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' छापून आली. अश्लील म्हणून खटला झाला. मॅजिस्ट्रेटने सोडलं, उच्च न्यायालयाने दोषी धरून पंचवीस रुपये दंड केला, आणि प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. न्यायमूर्तींनी गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून, लेखनाचा एकूण परिणाम बघून निर्णय दिला. त्या निकालात एक विचार आहे जो मला प्रत्येक शाळेच्या ग्रंथालयात लावावासा वाटतो: कादंबरीत लैंगिक उल्लेख आला एवढ्यावरून ती किशोरवयीन मुलांच्या वाचनासाठी अयोग्य ठरवायची असेल, तर मुलांना कुठलीच कादंबरी वाचता येणार नाही, फक्त धार्मिक पुस्तकं उरतील. दिवाळी अंकातल्या एका गोष्टीसाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने जेवढं वाचलं, तेवढं आमच्या शाळा आणि वाचनालयं एका फोटोसाठी वाचत नाहीत.

शाळेचा विषय निघालाच आहे तर माझ्या भाचीचं सांगते. ती घोडबंदर रोडवरच्या एका शाळेत आठवीला आहे. वर्गात मागच्या भिंतीला एक छोटं रॅक होतं, पन्नासेक पुस्तकं असतील. त्यात वयात येताना शरीरात काय बदल होतात हे सांगणारं एक पुस्तक होतं, मुलग्यांसाठी आणि मुलींसाठी एकत्रच लिहिलेलं. साधी भाषा, साध्या आकृत्या. एका आकृतीचा फोटो पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आला. रात्री अकरापर्यंत ग्रुप पेटलेला. दुसऱ्या दिवशी ते पुस्तक गेलं, आणि त्याबरोबर सगळं रॅकच गेलं. 'तपासून परत देऊ' असं वर्गात सांगितलं. शैक्षणिक वर्ष संपलं, रॅक रिकामंच राहिलं. आता तिथे स्पर्धांचे चषक ठेवले आहेत.

माझी बहीण विचारायला गेली. ग्रंथालय सांभाळणाऱ्या बाईंनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, "मला ते पुस्तक चांगलं वाटलं होतं म्हणूनच मी ठेवलं होतं. पण उद्या कोणी माझ्या नावाने अर्ज केला तर माझ्या बाजूने कोण उभं राहणार?" या बाई अर्धवेळ आहेत. अनेक शाळांत ग्रंथपालाचं पद अर्धवेळच असतं, पगार तुटपुंजा, आणि वाद झाला की सगळ्यात आधी तिच्याकडे बोट. तिने भिऊन पुस्तक काढलं म्हणून मी तिला दोष देणार नाही. तिच्या हातात एक कागद नव्हता, ज्यावर लिहिलेलं असेल की तक्रार आली तर काय करायचं, कोणी करायचं, आणि तोवर पुस्तक कुठे राहील. तो कागद असता तर ती म्हणाली असती, नियम हा आहे, अर्ज भरा.

भाचीने मला विचारलं, "मावशी, त्यात चुकीचं होतं तरी काय?" तिला तिच्या प्रश्नांची उत्तरं आता कुठून मिळतात हे मी तिला विचारलं. फोनवरून, म्हणाली. जे पुस्तक डॉक्टरांनी तपासलेलं, शिक्षिकेने निवडलेलं, वर्गात उघड्यावर ठेवलेलं होतं ते नको, आणि ज्याला कोणी तपासलेलं नाही ते उशाखाली चालतं. या बाबतीत आपण कुठून कुठे आलो! र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' काढत होते १९२७ पासून. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले, आणि १९३४ मध्ये त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले ते बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक प्रश्नांवर वाचकाला उत्तर द्यायचं हे मासिकाचं कामच आहे, असं बाबासाहेबांचं म्हणणं होतं. खटला हरले. पण मुंबईतल्या न्यायालयात नव्वद वर्षांपूर्वी ते म्हणणं मांडलं गेलं होतं, आणि घोडबंदर रोडच्या शाळेत आज ते मांडायला कोणी नव्हतं.

बाबासाहेबांचं नाव घेतलं की मला हमखास एक प्रश्न येतो. त्यांनी महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृती जाळली, मग आम्ही एखादं पुस्तक काढा म्हटलं तर काय बिघडलं? बिघडतं ते असं. महाडला मनुस्मृती जाळली ती जातीच्या अन्यायाचा सार्वजनिक निषेध म्हणून, हजारो लोकांसमोर, आपण काय करतोय आणि का, हे सांगून. कोणत्याही ग्रंथालयातून ती काढून टाका, कोणालाही वाचू देऊ नका, अशी ती मागणी नव्हती. पुढे आयुष्यभर बाबासाहेबांनी आपल्या लेखनात मनुस्मृतीतले श्लोक उद्धृत केले, एकेक घेऊन खोडून काढले. वाचल्याशिवाय ते जमलं नसतं. दादरच्या 'राजगृहा'त त्यांनी आपल्या पुस्तकांसाठी केवढी जागा ठेवली होती हे सगळ्यांना माहीत आहे.

त्यांच्याच पुस्तकाचं काय झालं तेही सांगायला हवं. १९८७ मध्ये महाराष्ट्र सरकारने त्यांच्या समग्र लेखनाचा चौथा खंड काढला, त्यात 'रिडल्स इन हिंदुइझम' होतं. राम आणि कृष्णाबद्दलच्या भागावरून वाद पेटला, अमरावतीत प्रत जाळली गेली, तो भाग वगळा अशी मागणी झाली, आणि त्याला उत्तर म्हणून मुंबईत प्रचंड मोर्चा निघाला. शेवटी तोडगा निघाला तो असा की मजकूर राहील आणि या भागातल्या मतांशी सरकार सहमत आहे असं नाही अशी टीप त्याला जोडली जाईल. मला हा तोडगा आजही शहाणपणाचा वाटतो. ज्याला पटत नाही त्याने 'मला पटत नाही' असं छापावं. पान फाडायचं कारण नाही. आज ऐरोलीला सेक्टर १५ मध्ये बाबासाहेबांचं स्मारक आणि त्यातलं देखणं ग्रंथालय बघताना मला दर वेळी हे आठवतं, की ज्याच्या नावाने आपण ग्रंथालय उभारतो त्याचाच मजकूर कमी करायची मागणी याच राज्यात झाली होती.

माझी कसोटी मी सोपी पुस्तकं घेऊन लावत नाही. गोपाळ गोडसे यांचं 'गांधीहत्या आणि मी' मला वाचवत नाही, इतका त्यातल्या विचाराचा मला त्रास होतो. सरकारने ते जप्त केलं होतं. मुंबई उच्च न्यायालयाने १९६९ मध्ये तो आदेश रद्द केला. मला तो निकाल पटतो. सभासदाने मागितलं तर ते पुस्तक मी शिक्का मारून देते, आणि शेजारच्या फळीवर गांधीजींचं लेखन आहे हेही सांगते. ज्या नियमाने ते पुस्तक फळीवर राहतं त्याच नियमाने कळव्याच्या मुलीचं आत्मचरित्र राहतं. एकाला वगळायचं म्हटलं की दुसऱ्याला वगळणारा दारात उभाच असतो.

शिवाजी महाराजांवरच्या जेम्स लेन यांच्या पुस्तकाचंही तसंच. ज्या विधानावरून संताप झाला ते मलाही खटकतं, आणि त्याला सणसणीत, साधार उत्तर द्यायला आपल्याकडे इतिहासकारांची वाण नाही. पण झालं काय? प्रकाशकाने २००३ मध्येच पुस्तक मागे घेतलं. ५ जानेवारी २००४ ला पुण्याच्या भांडारकर संस्थेवर हल्ला झाला आणि ज्या हस्तलिखितांमधून महाराष्ट्राचा इतिहास लिहिला जातो त्यांचीच नासधूस झाली. सरकारने बंदी घातली, उच्च न्यायालयाने ती २००७ मध्ये उठवली, सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये तेच कायम केलं. त्याच २०१० मध्ये मुंबई विद्यापीठाच्या बी.ए.च्या अभ्यासक्रमातून रोहिंटन मिस्त्रींची कादंबरी सत्र चालू असताना काढली गेली. ठाण्यातली महाविद्यालयं याच विद्यापीठाची. वर्षाच्या मध्यात मुलांना दुसरं पुस्तक घ्या म्हणून सांगितलं. आणि २०२२ च्या डिसेंबरात कोबाद गांधी यांच्या 'फ्रॅक्चर्ड फ्रीडम'च्या अनघा लेले यांनी केलेल्या मराठी अनुवादाला जाहीर झालेला राज्य पुरस्कार सरकारने शासन निर्णय काढून रद्द केला. पुस्तकावर बंदी नव्हती. तरी दुसऱ्याच आठवड्यात आमच्याकडे एकांनी विचारलं, "ते ठेवायला परवानगी आहे का हो?" एखाद्या निर्णयाची भीती किती लवकर काउंटरपर्यंत पोचते ते मी त्या दिवशी बघितलं.

एक गोष्ट इथे स्पष्ट करते, नाहीतर माझ्या म्हणण्याचा भलताच अर्थ लागेल. जगातलं प्रत्येक पुस्तक प्रत्येक वाचनालयाने ठेवावं असं मी म्हणत नाही. आमचं खरेदीचं अंदाजपत्रक लहान आहे, जागा त्याहून लहान. ग्रंथ निवड समिती दहातली दोन पुस्तकं घेते आणि आठ सोडते. ती निवड आहे. वाचकांची गरज, पुस्तकाची गुणवत्ता, किंमत बघून केलेली. बालविभागात लहानांची खाली, मोठ्यांची वर अशी मांडणी करणं हीसुद्धा व्यवस्था आहे. आणि आपल्या मुलाने काय वाचावं हे सांगायचा आईबापाला पूर्ण हक्क आहे. माझ्याकडे एक आई येऊन सांगून गेली आहे की तिच्या मुलाला भुताच्या गोष्टी देऊ नका, रात्री झोपत नाही. मी देत नाही. पण तिने भुताच्या गोष्टींची सगळी फळीच उचला म्हटलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, कारण बाकीच्या मुलांच्या आया तिच्यामागे उभ्या नव्हत्या. निवडून, दाखल करून, शिक्का मारून ठेवलेलं पुस्तक केवळ कोणाला त्यातला विचार आवडला नाही म्हणून काढायचं, तिथे माझा विरोध सुरू होतो.

अमेरिकेत सध्या हा प्रश्न आपल्यापेक्षा फार मोठ्या प्रमाणावर चालू आहे. पेन अमेरिका या संस्थेने २०२३-२४ या एका शालेय वर्षात शाळांमधून पुस्तकं काढल्याच्या दहा हजारांहून जास्त घटना मोजल्या. पण त्याच देशातल्या इलिनॉय राज्याने २०२३ मध्ये एक कायदा केला तो मला आपल्यासाठी मोलाचा वाटतो. जानेवारी २०२४ पासून तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयाला राज्याचं अनुदान हवं असेल, तर मतभेदामुळे किंवा दबावाखाली पुस्तक काढणार नाही असं धोरण लेखी स्वीकारावं लागतं. एक तर अमेरिकन लायब्ररी असोसिएशनचा १९३९ पासूनचा ग्रंथालय हक्कांचा जाहीरनामा मान्य करायचा, नाहीतर तशाच अर्थाचं स्वतःचं निवेदन करायचं.

आपल्याकडे अनुदान आहेच की! महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. त्याखाली मान्यताप्राप्त वाचनालयांना अ, ब, क, ड वर्गानुसार पैसे मिळतात. त्यासाठी पुस्तकांची संख्या, नियतकालिकं, हिशेब, नोंदवह्या सगळं तपासलं जातं. त्याच तपासणीत एक रकाना वाढवायला काय हरकत आहे: पुस्तकाबद्दल तक्रार आल्यास काय करायचं याचा लेखी नियम वाचनालयाने केला आहे का? त्याला पैसा लागत नाही, इमारत लागत नाही. ज्या ठाण्यात १८९३ साली वि. ल. भावे आणि त्यांच्या सोबत्यांनी मराठी ग्रंथ जमवायचे म्हणून मराठी ग्रंथ संग्रहालय काढलं, त्या ठाण्यातून ही मागणी पहिल्यांदा गेली तर मला फार आनंद होईल.

तोवर वाट न बघता आमच्या वाचनालयापुरता मी एक मसुदा केला आहे आणि तो वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे येणार आहे. तक्रार लेखीच घ्यायची. तक्रार करणारा सभासद असावा आणि आपण पूर्ण पुस्तक वाचलं आहे असं त्याने अर्जात लिहावं. निर्णय होईपर्यंत पुस्तक फळीवर राहील, मागणाऱ्याला मिळेल. निर्णय एकटे कार्यवाह किंवा एकटी मी घेणार नाही, समितीत ज्यांनी ते वाचलं आहे तेच मत देतील, आणि निर्णयाची कारणं इतिवृत्तात लिहून सूचना फलकावर लावली जातील. काढायचं ठरलंच तर निर्लेखनासारखा ठराव होईल, नोंदवहीत शेरा पडेल, म्हणजे दहा वर्षांनीसुद्धा कोणालाही कळेल की इथे एक पुस्तक होतं आणि ते अमुक दिवशी, अमुक लोकांनी, अमुक कारणाने काढलं. आणि काउंटरवर बसणाऱ्या माणसाला या नियमाप्रमाणे वागल्याबद्दल कोणी जाब विचारणार नाही.

यातल्या बहुतेक गोष्टींवर कार्यकारिणीचं एकमत झालं. अडलं आहे ते बालविभागापाशी. समितीतल्या एक निवृत्त मुख्याध्यापिका, ज्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे, त्यांचं म्हणणं आहे की मुलांच्या पुस्तकांना हा नियम लावू नये. तिथे शंका आली की आधी पुस्तक उचलावं, मग विचार करावा. त्यांनी चाळीस वर्षं मुलांमध्ये काढली आहेत आणि त्यांची काळजी खरी आहे. पण भाचीच्या शाळेत नेमकं हेच झालं. आधी उचललं, आणि विचार करायची वेळ आलीच नाही. मुलं तक्रार करत नाहीत, अर्ज लिहीत नाहीत, सभेला येत नाहीत, म्हणून नियमाची गरज मोठ्यांच्या विभागापेक्षा तिथे जास्त आहे. मी त्यांना इतकंच मान्य केलं आहे की बालविभागातल्या तक्रारीचा निर्णय लवकर, ठरलेल्या मुदतीत लावायचा आणि समितीत एक शिक्षक व एक बालरोगतज्ज्ञ किंवा समुपदेशक बाहेरून बोलवायचा. त्यावर त्या विचार करते म्हणाल्या आहेत.

सभेत या कलमावर मतदान होणार आहे. आमच्या वाचनालयाचे जे सभासद हे वाचत असतील त्यांनी जरूर यावं, काकांचं ऐकावं, मुख्याध्यापिकाबाईंचं ऐकावं, मला जे म्हणायचंय तेही ऐकावं आणि मग हात वर करावा. मसुद्याची प्रत काउंटरवर ठेवली आहे. वर्गणी थकली असेल तर ती सभेच्या आधी भरा, थकबाकी असलेल्या सभासदाला मत देता येत नाही.